अठरा सडांपैकी तीन: फेज के कासेत कुठे अडला आणि त्याचं एन्झाइम कुठवर पोचलंय

"मॅडम, परत तीच."

फोनवर एवढं ऐकलं की पुढचं सगळं मला कळतं. गेल्या वेळी ज्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली त्याच सडाला परत दगडी (कासदाह), मधले पंधरा-वीस दिवस दूध अगदी पांढरंशुभ्र, घरच्यांना वाटलं सुटलो एकदाचे, आणि मग एका सकाळी पहिल्या दोन-चार धारांत गुठळ्या आणि कास हाताला गरम. जनावरांची डॉक्टर म्हणून मी जाते, दूध तपासायला पाठवते, अशा फिरून येणाऱ्या गायींच्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) हा जंतू असतो, मग परत ट्यूब, परत इंजेक्शन, परत ठरलेले दिवस डेअरीला दूध बंद, आणि शेतकऱ्याचा तोच प्रश्न की रिपोर्ट म्हणतोय औषध लागू आहे तर मग गाय बरी का होत नाही.

हल्ली याच्या जोडीला अजून एक प्रश्न यायला लागलाय, बहुतेक घरातली शिकलेली मुलं विचारतात. बॅक्टेरिया मारणारे व्हायरस असतात ना, फेज, त्यांच्यातलं एन्झाइम काढून सडात सोडलं की जंतूंनी बांधलेला चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, विरघळते म्हणे, मग ते कधी मिळणार? प्रश्न एकदम रास्त आहे. पण गोठ्यात उभ्याउभ्या दोन वाक्यांत उत्तर द्यायचं तर एकतर खोटी आशा लावावी लागते नाहीतर "तसलं काही नसतं" म्हणून उडवून लावावं लागतं, आणि मला दोन्ही करायचं नाहीये. म्हणून एक खरं, छापून आलेलं प्रकरण घेऊन बसलेय. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात गेल्फ नावाचं गाव आहे, तिथल्या विद्यापीठाच्या आणि सरकारी शेती संशोधन केंद्राच्या लोकांनी दुभत्या गायींच्या कासेत जिवंत फेज सोडून बघितला होता, २००६ साली निकाल प्रसिद्ध झाला. हा प्रयोग यशस्वी झाला नाही. आणि तरीसुद्धा, किंवा खरं तर म्हणूनच, एन्झाइमवाल्या सगळ्या गोष्टी नीट समजून घ्यायच्या असतील तर सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण हे कळलं नाही तर पुढचं सगळं हवेत जाईल

कासेचे चार कप्पे असतात, प्रत्येक कप्प्याचा सड वेगळा, एका कप्प्यातलं दूध दुसऱ्यात जात नाही. इंग्रजीत त्याला क्वार्टर म्हणतात, आपण बोलताना सरळ सडच म्हणतो, मीही इथे तेच म्हणणार आहे. स्टॅफ ऑरियस सडाच्या तोंडातून आत शिरतो, बरेचदा धार काढणाऱ्याच्या हातावरून, पुसायच्या एकाच फडक्यावरून किंवा मशीनच्या लायनरवरून, म्हणजे एका आजारी गायीकडून दुसरीकडे. आत गेल्यावर तो काही लगेच धिंगाणा घालत नाही. बऱ्याच गायींमध्ये दूध दिसायला चांगलंच राहतं, फक्त सोमॅटिक सेल काउंट, म्हणजे दुधातल्या पेशींचा, मुख्यतः पांढऱ्या पेशींचा आकडा, चढलेला असतो, साधारण मिलीलिटरला दोन लाखांच्या वर गेला की आम्ही संशय घेतो. याला सुप्त कासदाह म्हणतात. त्यातून हा जंतू दुधात रोज सारखा उतरत नाही, आज सँपल घेतलं तर सापडेल आणि चार दिवसांनी घेतलं तर नाही, त्यामुळे एक सँपल निगेटिव्ह आलं म्हणून गाय बरी झाली असं समजणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

आता बायोफिल्म. गोठ्यातला पाण्याचा हौद महिनाभर घासला नाही की कडेला बुळबुळीत थर धरतो बघा, किंवा दुधाच्या कॅनच्या झाकणातलं रबर काढून बोट फिरवलं की चिकट लागतं, ते हेच. जंतू एकमेकांना आणि खालच्या पृष्ठभागाला धरून बसतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रोटीन आणि मेलेल्या जंतूंचं डीएनए यांचा चिखल रचतात. नुसतं पाणी मारून तो जात नाही, घासावं लागतं, आणि कासेच्या आत घासणार कसं?

गायीच्या कासेचा आणि बायोफिल्मचा संबंध किती जवळचा आहे त्याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २००१ साली स्पेनमधल्या संशोधकांनी स्टॅफ ऑरियसमधलं बॅप नावाचं एक प्रोटीन शोधलं, बायोफिल्म बांधायला मदत करणारं. कासदाहाच्या गायींमधल्या ३५० जंतूंपैकी सुमारे ५ टक्क्यांत त्याचं जनुक सापडलं आणि माणसांच्या आजारातले जे ७५ जंतू तपासले त्यातल्या एकातही नाही. म्हणजे माणसांच्या दवाखान्यातलं औषध जसंच्या तसं उचलून गोठ्यात आणलं की काम झालं, असं गृहीत धरता येत नाही.

बायोफिल्ममध्ये अँटिबायोटिक कमी का पडतं याला दोन-तीन कारणं आहेत. थर जाड असल्यामुळे औषध आत मुरायला वेळ लागतो हे एक. पण मोठं कारण असं की आतल्या थरातले जंतू जवळजवळ झोपलेले असतात, वाढत नाहीत, विभागत नाहीत, आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं तर जंतू नवीन भिंत बांधत असतानाच त्याला मारतात. बांधकामच बंद असेल तर ते औषध काय अडवणार? लॅबमध्ये मात्र तपासणी होते ती ताटलीवर मोकळ्या, भराभर वाढणाऱ्या जंतूंवर, म्हणून रिपोर्टमध्ये "लागू" येतं आणि गोठ्यात लागू होत नाही. शेतकऱ्याला वाटतं डॉक्टरला कळत नाही, डॉक्टरला वाटतं शेतकऱ्याने डोस अर्धवट सोडला, आणि खूपदा दोघंही बरोबर वागलेले असतात.

गेल्फचा प्रयोग

फेज म्हणजे जंतूंना लागणारा व्हायरस. जंतूला चिकटतो, आपलं डीएनए आत सोडतो, आतल्या आत स्वतःच्या शेकडो प्रती काढतो आणि शेवटी जंतूची भिंत फोडून बाहेर पडतो. ट्वॉर्टने १९१५ साली आणि डेरेलने १९१७ साली यांचा शोध लावला, म्हणजे हे पेनिसिलिनच्याही आधीचं आहे. फेज के हा त्यातला स्टॅफचा नावाजलेला शत्रू, स्टॅफच्या खूप वेगवेगळ्या जातींना मारतो म्हणून गेल्फवाल्यांनी त्याची निवड केली असणार हे समजण्यासारखं आहे.

प्रयोग असा. दूध देत असलेल्या २४ होल्स्टीन गायी, ज्यांना स्टॅफ ऑरियसचा सुप्त कासदाह आधीपासूनच होता, मुद्दाम लावलेला नव्हे. हे मला फार आवडलं, कारण उंदराला किंवा गायीला आज जंतू टोचायचा आणि उद्या औषध द्यायचं यात बायोफिल्म बसायला वेळच मिळत नाही आणि निकाल छान दिसतो. इथे आपल्या गोठ्यात असते तशी मुरलेली केस होती. १८ सडांत रोज एकदा १० मिली फेज, असं ५ दिवस. प्रत्येक डोसमध्ये १.२५ गुणिले १० चा ११ वा घात इतके फेज, म्हणजे साडेबारा हजार कोटी. दुसऱ्या गटात २० सडांत नुसतं सलाईनचं पाणी.

निकाल: फेजवाल्या १८ पैकी ३ सड बरे, १६.७ टक्के. सलाईनवाल्या २० पैकी एकही नाही.

आता इथे उत्साही माणूस म्हणेल की शून्यापेक्षा तीन बरेच की. मी कागद-पेन घेऊन बसले. एकूण ३८ सड, त्यातले ३ बरे झाले, फेजचा काडीचाही उपयोग नव्हता असं धरलं तरी ते तिन्ही निव्वळ योगायोगाने फेजच्याच बाजूला पडायची शक्यता किती? साधारण १० टक्के येते. म्हणजे दहातून एकदा असा निकाल नुसत्या नशिबाने दिसू शकतो. संशोधकांनीही हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही असंच सांगितलं, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा खूप आदर वाटतो. साडेबारा हजार कोटी फेज रोज, पाच दिवस, आणि पंधरा सड तसेच.

अजून दोन गोष्टी त्यांनी मोजल्या ज्या निकालाइतक्याच मोलाच्या आहेत. निरोगी सडात फेज सोडला तर सोमॅटिक सेल काउंट चांगलाच उसळला, म्हणजे कासेने त्याला परका माणूस समजून पांढऱ्या पेशी धाडल्या, आधीच आजारी असलेल्या सडात मात्र तशी वेगळी उसळी दिसली नाही. आणि कासेत सोडलेले फेज अपेक्षेपेक्षा फार लवकर कमी झाले. दूध काढलं की काही जाणारच, पण त्या हिशोबापेक्षाही जास्त गायब झाले, म्हणजे आत ते मोडत होते किंवा निकामी होत होते.

मग अडलं कुठे

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ वाचला. कारण ताटलीवर फेज के स्टॅफला धडाधड मारतो, त्यात शंका नाही. जंतू मारता येतो, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, सगळं घोडं तिथे अडलंय.

त्याच टीमने दुधातल्या निवळीवर (व्हे) वेगळं काम केलं. निवळीतली काही मोठी प्रोटीन्स स्टॅफच्या अंगावर जाऊन चिकटतात आणि फेजला चिकटायची जागाच झाकून टाकतात. फेज हा किल्लीसारखा आहे, त्याला ठराविक कुलूपच लागतं, कुलपावर मेण ओतलं तर किल्ली कितीही चांगली असून उपयोग नाही. आयर्लंडमधल्या संशोधकांना २००५ साली कच्च्या दुधात असंच दिसलं होतं, फेज के कच्च्या दुधात वाढेना, दूध तापवून घेतलं की वाढायला लागला, म्हणजे अडवणारी गोष्ट उष्णतेने मोडणारी होती. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर कच्च्या दुधात स्टॅफ फॅटच्या थेंबांभोवती गोळे करून बसलेला. आपण ज्या फॅटवर दुधाचा भाव ठरवतो त्याच फॅटच्या आडोशाला जंतू! कासेतलं दूध तर कच्चंच असणार, ते तापवणार कोण.

याच्यावर बायोफिल्मचा चिखल आहेच. फेज के डोकं-शेपूट धरून दोनशे नॅनोमीटरच्या वर लांब, जंतूंच्या जगात तो बैलगाडीएवढा, चिखलात रुतणारच. शिवाय आतले झोपलेले जंतू फेजलाही फारसे उपयोगाचे नसतात कारण स्वतःच्या प्रती काढायला त्याला जंतूचा कारखाना चालू लागतो. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे स्टॅफ गायीच्या पेशींच्या आत लपतो, कासेच्या अस्तराच्या पेशींत आणि ज्या पांढऱ्या पेशी त्याला खायला आल्या त्यांच्याही पोटात. तिथे फेज जात नाही, बरीचशी अँटिबायोटिक्सही नीट जात नाहीत. पंधरा-वीस दिवसांनी "परत तीच" म्हणून जो फोन येतो त्यातला बराच वाटा या लपलेल्यांचा आहे असं मला वाटतं.

तोच फेज, पण फक्त त्याची कात्री

आता एन्झाइमकडे येऊ. फेजला जंतूच्या बाहेर पडायला भिंत फोडावी लागते म्हटलं ना, त्यासाठी त्याच्याकडे एक प्रोटीन असतं, एंडोलायसिन. जंतूची भिंत म्हणजे सुंभाने विणलेली बाज समजा, साखरेचे लांब दोर आणि त्यांना आडवे बांधणारे प्रोटीनचे छोटे तुकडे. स्टॅफमध्ये हे आडवे बांध ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लाच्या पाच कड्यांचे असतात. आत दाब प्रचंड, बाहेरच्या हवेच्या वीसेक पट, ट्रकच्या टायरमधल्या हवेच्याही दुपटीच्या वर. दोन-चार ठिकाणी सुंभ कापला की बाकीचं काम तो दाबच करतो, जंतू फुटतो. आणि गंमत अशी की हे एन्झाइम बाहेरून लावलं तरी चालतं, पूर्ण व्हायरसची गरजच नाही. स्टॅफसारख्या जंतूंना बाहेर दुसरं वेष्टण नसतं म्हणून हे जमतं. ई. कोलाय, क्लेबसिएला यांना बाहेरून अजून एक पडदा असतो, तिथे साधं एंडोलायसिन भिंतीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे "सगळ्या कासदाहावर एकच एन्झाइम" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

फेज के मधूनच आयर्लंडच्या कॉर्क भागातल्या लोकांनी लायस-के नावाचं एंडोलायसिन वेगळं काढलं, ४९५ अमिनो आम्लांचं, त्याला दोन कात्र्या आणि एक पकड. नंतर त्यांनी छाटत छाटत फक्त एक कात्री ठेवली, १६५ अमिनो आम्लांची, चॅप-के, आणि ती मूळ एन्झाइमपेक्षा जास्त जोरात चालली. २०१३ साली त्यांनी दाखवलं की चॅप-के स्टॅफची लॅबमध्ये वाढवलेली बायोफिल्म चार तासांत मोडते आणि नवीन बसायलाही अडवते.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे, कारण आधी सांगितलेल्या अडचणींपैकी एक इथे खरोखर सुटते. झोपलेला जंतू वाढत नसला तरी त्याला भिंत असतेच. एन्झाइमला बांधकाम चालू असायची गरज नाही, उभी भिंत कापता येते. बायोफिल्मवर एन्झाइमने एवढी आशा का लावली जाते त्याचं मला पटलेलं कारण हे एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या नंतर. आकाराने ते फेजच्या मानाने किरकोळ, त्यामुळे चिखलात मुरायलाही सोपं. काही फेजांकडे तर चिखलातली साखरच कापणारी वेगळी एन्झाइम असतात, डिपॉलिमरेज, स्पेनमध्ये स्टॅफच्याच एका फेजमधून असं एन्झाइम काढून बायोफिल्मवर तपासलंय. आधी त्याने चिखल सैल करायचा आणि मग एंडोलायसिनने भिंती कापायच्या ही जोडी मला डोक्यात सगळ्यात पटते. मात्र प्रत्येक एंडोलायसिन बायोफिल्मवर चालतं असंही नाही, २००७ साली जर्मनीत दोन फेजांची एंडोलायसिन शेजारीशेजारी लावून बघितली, एकाने बायोफिल्म मोडली आणि दुसऱ्याने नाही.

आपल्या देशातलाही एक धागा याच फेज के ला जोडलेला आहे. बेंगळुरूच्या गंगाजेन कंपनीने फेज के च्या शेपटीतल्या एन्झाइमचा कापणारा तुकडा घेतला आणि त्याला लायसोस्टाफिन नावाच्या दुसऱ्या एन्झाइमची पकड जोडली, पी-१२८ असं नाव दिलं, २०११ मध्ये ते काम छापून आलं. त्यांचं लक्ष्य माणसांमधला स्टॅफ होतं, गायी नव्हत्या. पण हे बेंगळुरूत होऊ शकतं म्हणजे पुण्या-मुंबईत, आपल्या पशुवैद्यकीय कॉलेजांतही होऊ शकतं, आणि गायींसाठी व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पण कासेत?

लॅबच्या प्लॅस्टिकच्या कपातली बायोफिल्म आणि चौथ्या वेताच्या गायीची कास यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून गेल्फने ज्या अडचणी दाखवल्या त्याच एकेक करून एन्झाइमला विचारायच्या.

दूध अडवतं का? स्पेनच्या अस्तुरियास भागात दुधातूनच मिळालेल्या एका फेजचं एंडोलायसिन, लायस-एच५, पाश्चराइज्ड दुधात टाकलं तर चार तासांत स्टॅफ मोजता येण्याच्या खाली गेला. छान. पण पाश्चराइज्ड म्हणजे तापवलेलं दूध, आणि तापवलेल्या दुधात तर फेज के सुद्धा चालत होता हे आत्ताच बघितलं. झुरिकच्या टीमने नंतर मुद्दाम गायीच्या दुधातच वेगवेगळ्या रचना चाळून बघितल्या, कारण साध्या द्रावणात जे एन्झाइम पहिलं येतं ते दुधातही पहिलं येईलच असं नसतं, आणि त्यांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी कापणारी एन्झाइम एकत्र दिली तर जास्त चांगलं चालतं असं दिसलं. चाळणी दुधातच लावायची, हा मला त्या कामातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

गायीत चालतं का? २०१६ साली चीनमध्ये टीआरएक्स-एसए१ नावाचं एंडोलायसिन सौम्य कासदाहाच्या गायींच्या सडात सोडलं, दिवसातून एकदा २० मिलिग्रॅम, आणि सुधारणा दिसली. लेखकांनी स्वतःच त्याला प्राथमिक म्हटलंय. सौम्य आणि ताजा आजार वेगळा आणि वर्षभर मुरलेला वेगळा, त्यामुळे गेल्फच्या १५ न सुटलेल्या सडांना याने काय झालं असतं हे यातून कळत नाही.

लायसोस्टाफिनचा अनुभव इथे फार उपयोगाचा आहे. हे फेजचं नाही, एका दुसऱ्याच स्टॅफचं शस्त्र आहे, १९६४ पासून माहीत आहे, पण काम तेच, ग्लायसिनचे बांध कापायचं. १९९१ मध्ये ते आजारी गायींच्या सडात सोडून बघितलं तर बहुतेक सड बरे झालेच नाहीत. आणि मग २००५ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी केंद्राने वेगळीच वाट धरली, जर्सी गायींच्या जनुकांतच बदल करून त्यांच्या दुधात हे एन्झाइम कायम उतरेल असं केलं, नंतर मुद्दाम स्टॅफ सोडला, तर साध्या गायींच्या ७१ टक्के कप्प्यांना लागण झाली आणि या गायींच्या १४ टक्के. एन्झाइम एकच. आधीपासून हजर असताना जंतू आला तर एन्झाइम जिंकतं, आणि जंतू आधी घर करून बसला असेल तर हरतं. मी हे वाचून बराच वेळ गप्प बसले होते, कारण आमची सगळी धडपड दुसऱ्या प्रकारच्या गायींसाठी असते.

पेशीत लपलेल्यांचं काय? यावर २०१६ सालीच बेल्ट्सव्हिलच्या लोकांनी लायस-के आणि लायसोस्टाफिन जोडून तीन ठिकाणी कापणारं एकच एन्झाइम बनवलं आणि त्याला पेशीच्या आत शिरायला मदत करणारी शेपटी लावली. उंदरांच्या कासेत पेशींच्या आतले स्टॅफही कमी झाले. तीन ठिकाणी कापत असल्यामुळे जंतूला एकदम तिन्हींविरुद्ध बदलणं अवघड, हा अजून एक फायदा. मला विचाराल तर गेल्फच्या प्रश्नाला सगळ्यात सरळ भिडणारं काम हेच. उंदरातलं आहे, हे विसरायचं नाही.

आणि कासेची स्वतःची चिडचिड. निरोगी सडात फेज सोडल्यावर सेल काउंट उसळला होता. एन्झाइमही परकं प्रोटीनच, परत परत दिलं तर गायीचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. त्यात ही एन्झाइम बहुतेक करून ई. कोलायमध्ये वाढवून काढतात, आणि ई. कोलायच्या पडद्यातलं विष चिमूटभर जरी शिल्लक राहिलं तरी कास सुजते, कास त्या बाबतीत अतिशय हळवी आहे. म्हणजे माल एकदम शुद्ध लागणार, आणि शुद्ध करणं हेच अशा औषधात महाग असतं. लिटरमागे चार-दोन रुपये सुटणाऱ्या धंद्यात ही ट्यूब केवढ्याला पडेल याचा विचार संशोधकांनी पहिल्या दिवसापासून करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या डेअऱ्यांना फार आवडेल. एंडोलायसिन निवडक असतं, स्टॅफचं स्टॅफलाच. दह्याचं विरजण त्याने मरत नाही. अँटिबायोटिकचं दूध चुकून टँकरमध्ये गेलं की दही लागत नाही आणि मग कुणाचं दूध म्हणून शोधाशोध सुरू होते, ते टळेल.

माझ्या केसवहीतली गाय

ज्यांच्या फोनने सुरुवात केली ते काका. त्यांची एचएफ क्रॉस गाय, चौथं वेत, मागचा उजवा सड, सात महिन्यांत तीन वेळा ट्यूब. त्यांच्या पोराने मला एन्झाइमबद्दल विचारलं तेव्हा मी त्याला वरचं सगळं सांगितलं, अठरा आणि तीनचा हिशोब वहीत मांडून दाखवला, आणि सांगितलं की आज दुकानातून आणून सोडता येईल अशी एन्झाइमची ट्यूब माझ्याकडे नाही. कुणी ऑनलाईन फेजची बाटली विकत असेल तर कासेत काहीही सोडायचं नाही, हेही.

मग त्या गायीचं काय करायचं ते बसून ठरवलं. वय जास्त, आजार जुना, सेल काउंट चढलेला, म्हणजे अँटिबायोटिकनेही बरी व्हायची शक्यता कमी असलेली सगळी लक्षणं तिच्यात होती. चौथ्यांदा तीच ट्यूब सोडायची नाही असं ठरलं. तिची धार सगळ्यात शेवटी, तिचं फडकं वेगळं, धारेनंतर चारही सड डिपमध्ये, म्हणजे जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवायचे, बाकीच्या अकरा गायींची सीएमटी, म्हणजे गोठ्यातच होणारी कासदाहाची दूध तपासणी, दर पंधरा दिवसांनी. दोन महिन्यांनी ती आटवायची तेव्हा भाकड काळातली ट्यूब, कारण तेव्हा औषध जास्त दिवस आत राहतं आणि धारेबरोबर वाहून जात नाही. विल्यावर दोन सँपल, मध्ये दिवस सोडून. तरी स्टॅफ निघाला तर तो सड कायमचा बंद करायचा किंवा गाय गोठ्यातून काढायची, हे काकूंच्या समोर बोललो, कारण ती त्यांच्या माहेरून आलेल्या गायीची कालवड होती आणि त्यांना न विचारता हे ठरवणं बरोबर नव्हतं.

पोराने शेवटी विचारलं, सडाच्या बाहेरच्या कातडीवर तरी एन्झाइम चालेल का, डिपमध्ये? तो प्रश्न मला फार नेमका वाटला. कातडीवर ना कच्चं दूध आडवं येतं ना पेशींच्या आत लपायला तेवढी जागा, आणि जंतू आत शिरायच्या आधीच गाठता येतो, बेल्ट्सव्हिलच्या जर्सींसारखं. मी वहीत त्या गायीच्या पानावर खाली तो प्रश्न लिहून ठेवलाय, आणि बाकीच्या अकरा जणींच्या सीएमटीचे आकडे त्याच पानावर भरतेय. पहिल्या दोन वेळा अकराही साफ आल्या, तिसरी येत्या रविवारी आहे.